वाचकांचे प्रश्न : वीस पराभवांचे वैर

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलविषयी वाचताना बफेलो बिल्स आणि मायामी डॉल्फिन्स हे एकमेकांचे जुने वैरी असल्याचा उल्लेख वारंवार आढळतो. मात्र १९७० ते १९७९ या दहा वर्षांत या दोघांमध्ये झालेले सर्वच्या सर्व २० सामने मायामीने जिंकले, असेही तिथेच लिहिलेले असते. एकच बाजू सतत जिंकत असेल, तर त्याला वैर म्हणण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आपण दिलेला आकडा बरोबर आहे. एका संघाने एकाच प्रतिस्पर्ध्याकडून ओळीने पत्करलेल्या पराभवांचा नॅशनल फुटबॉल लीगमधील, म्हणजे एनएफएलमधील, हा विक्रम आजही मोडलेला नाही. तरीही त्याला वैर म्हणण्यात अर्थ आहे, असे आमचे मत आहे. आणि त्याचे कारण दोन शहरांच्या भावनांपेक्षा लीगच्या वेळापत्रकात अधिक सापडते.

बफेलो हे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला, कॅनडाच्या सीमेवर वसलेले कडाक्याच्या हिवाळ्याचे शहर आहे, तर मायामी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, तिथून सुमारे १९०० किलोमीटर दूर. या दोन शहरांत शेजाराचे भांडण असण्याचा प्रश्नच नव्हता. १९७० मध्ये एएफएल ही प्रतिस्पर्धी लीग एनएफएलमध्ये विलीन झाली आणि नव्या रचनेत बफेलो, मायामी, न्यू यॉर्क जेट्स, बॉस्टन (पुढच्याच वर्षीपासून न्यू इंग्लंड) पेट्रियट्स आणि बाल्टिमोर कोल्ट्स हे पाच संघ एका डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या एका गटात, घातले गेले. डिव्हिजनमधील प्रत्येक संघाशी वर्षातून दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, हा नियम आहे. इतर संघांशी काही वर्षांतून एकदाच गाठ पडते. त्यांच्याकडून झालेला पराभव विसरायला सवड मिळते. डिव्हिजनमधला प्रतिस्पर्धी मात्र दरवर्षी ठरल्याप्रमाणे दोनदा समोर उभा राहतो, आणि ज्या संघाला तो नकोसा असतो त्याला तारीख टाळण्याची कोणतीही सोय नसते.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. डिव्हिजनमधला पहिला क्रमांक म्हणजे प्लेऑफचा, अर्थात साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीचा, हमखास प्रवेश. प्रतिस्पर्ध्याकडून हरलात की आपल्या खात्यात पराभव पडतो आणि नेमक्या त्याच संघाच्या खात्यात विजय जमा होतो, म्हणजे एका सामन्याने दोघांमधले अंतर दुहेरी वाढते. १९७३ चेच उदाहरण घ्या. त्या मोसमात प्रत्येक संघाला १४ सामने होते. मायामी १२–२ (१२ विजय, २ पराभव), बफेलो ९–५. या दोघांमधले दोन्ही सामने उलट फिरले असते, तर बफेलो ११–३ वर आणि मायामी १०–४ वर थांबला असता, आणि डिव्हिजन बफेलोची झाली असती. १९७४ मध्ये मायामी ११–३ आणि बफेलो पुन्हा ९–५. तिथेही तेच दोन सामने उलटले असते तर दोन्ही संघांच्या आकड्यांची थेट अदलाबदल झाली असती. म्हणजे ज्या काळात बफेलोचा संघ खरोखर चांगला होता, त्या काळात त्याच्या आणि पहिल्या क्रमांकाच्या मध्ये एकच संघ उभा होता. बफेलोतील प्रेक्षकांना मायामीविषयी जे वाटत होते ते वीस पराभवांमुळे वाटत होतेच, पण त्यातही या दोन वर्षांचा वाटा मोठा असावा.

त्या बफेलो संघाला दुबळे म्हणून सोडून देणेही योग्य नाही. १९७३ मध्ये ओ. जे. सिम्प्सन यांनी धावत जाऊन २००३ यार्ड मिळवले. एका मोसमात २००० यार्डांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले खेळाडू, आणि तेही १४ सामन्यांच्या मोसमात. त्यांच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या आघाडीच्या फळीला ‘इलेक्ट्रिक कंपनी’ असे टोपणनाव मिळाले होते. एवढे असूनही मायामीविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत पराभवच पदरी पडला.

त्याआधीच्या वर्षी, २२ ऑक्टोबर १९७२ रोजी, विजय अगदी हाताशी आला होता. मायामीचा तो मोसम पुढे इतिहासात गेला : प्लेऑफ आणि सुपर बोल हा अंतिम सामना धरून १७ सामने, १७ विजय, असा अपराजित मोसम त्यानंतर कोणालाही पूर्ण करता आलेला नाही. त्या मालिकेतल्या सहाव्या सामन्यात मायामीचा मुख्य क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू) बॉब ग्रीसी पाय मोडल्यामुळे बाहेर होता आणि ३८ वर्षांचा अर्ल मोरॉल त्याच्या जागी खेळत होता. बफेलोचा क्वार्टरबॅक डेनिस शॉ चेंडू आपल्या धावपटूच्या हातात देत असताना मायामीचा बचावपटू मॅनी फर्नांडिस फळी फोडून आत घुसला आणि चेंडू दोघांच्या हातांच्या मधूनच त्याने काढून घेतला. पास अडवणे किंवा पडलेला चेंडू उचलणे नेहमीचे असते. देणाऱ्याच्या हातातून घेणाऱ्याच्या हातात जाताना चेंडू पळवणे हा प्रकार विरळाच. त्यानंतर मायामीने टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला, आणि सामना २४–२३ असा जिंकला. त्या वर्षी बफेलोने एकूण चारच सामने जिंकले होते, आणि तरीही तो अपराजित मोसम त्यांच्यासमोर एका गुणाने वाचला.

मग सगळे बिनसले कुठे? आमच्या मते उत्तर खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकाच्या खुर्चीत अधिक आहे. १९७० मध्ये डॉन शुला बाल्टिमोर सोडून मायामीला आले आणि १९९५ पर्यंत, म्हणजे सलग २६ मोसम, तिथेच राहिले. ते येण्यापूर्वीच्या वर्षी ३–१०–१ (एक सामना अनिर्णित) असलेला संघ त्यांच्या पहिल्याच मोसमात १०–४ झाला. त्याच दशकात बफेलोने जॉन राउच, हार्वी जॉन्सन, लू सेबन, जिम रिंगो आणि चक नॉक्स असे पाच प्रशिक्षक पाहिले. प्रत्येक नवा प्रशिक्षक आपली पद्धत आणतो, त्या पद्धतीला साजेसे खेळाडू शोधतो, आणि ते खेळाडू तयार होईपर्यंत त्याची जायची वेळ झालेली असते. १९७५ मध्ये लॅरी झोंका, जिम कीक आणि पॉल वॉरफिल्ड हे मायामीचे तीन बिनीचे खेळाडू एका नव्या, अल्पायुषी लीगमध्ये निघून गेले, तेव्हा ही मालिका तुटायला हवी होती. पण बफेलोचीच घडी १९७६ पासून विस्कटली आणि त्या वर्षी त्यांच्या वाट्याला २–१२ आले. एकतर्फी वैर इतके लांबण्यासाठी बलवान संघाचे बळ पुरत नाही. तो जरा घसरतो तेव्हा दुबळ्यानेही नेमके त्याच वेळी घसरावे लागते.

मालिका तुटली ती ७ सप्टेंबर १९८० रोजी, बफेलोच्या ऑर्चर्ड पार्कमधील मैदानावर, मोसमाच्या पहिल्याच सामन्यात. निकाल १७–७. सामना संपताच प्रेक्षक मैदानात उतरले आणि त्यांनी गोलपोस्ट उखडून काढले. सप्टेंबरमधल्या पहिल्या सामन्यासाठी, ज्यात कोणतेही विजेतेपद पणाला लागलेले नव्हते, असे काही घडावे, यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. त्या वर्षी बफेलोने ११–५ अशी कामगिरी करून डिव्हिजनही जिंकली.

प्रश्न : वीस सामने सलग हरणे हा निव्वळ नशिबाचा भाग असू शकत नाही का? नाणे वीस वेळा उडवले तर कधीतरी वीसही वेळा छापा पडेलच.

उत्तर : पडेल, पण दोन्ही संघ अगदी बरोबरीचे धरले आणि अनिर्णित सामन्यांची शक्यता बाजूला ठेवली, तर एका ठरावीक संघाने सगळे २० सामने जिंकण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक इतकी येते. एवढ्या योगायोगावर भिस्त ठेवता येत नाही. आता मायामीचा संघ बराच सरस होता आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७५ टक्के होती असे धरू. तरी वीसच्या वीस जिंकण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एकाच्या आसपास. ती ८५ टक्के धरली तर मात्र चित्र बदलते आणि शक्यता जवळजवळ ४ टक्क्यांवर जाते, म्हणजे पंचविसात एक.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, आणि क्रीडापत्रकार ती सहसा विसरतात. आपण या जोडीकडे पाहतो आहोत ते तिची मालिका लांबली म्हणूनच. १९७० मध्ये लीगचे २६ संघ सहा डिव्हिजनमध्ये वाटलेले होते आणि त्यांतून एकाच डिव्हिजनमधल्या अशा ४४ जोड्या बनत होत्या. आज ३२ संघ आणि आठ डिव्हिजन असल्याने त्या ४८ होतात. इतक्या जोड्या, इतकी दशके. कुठे ना कुठे एखादी जोडी टोकाला जाणारच, आणि नेमकी तीच आपल्या नजरेत भरते. तेव्हा नशिबाचा वाटा नक्की आहे, पण तो मोठ्या तफावतीच्या जोडीला आलेला आहे. २४–२३ सारखे सामने त्या वाट्यात धरावेत.

प्रश्न : तो काळ जुना होता हे समजले. पण आता एनएफएलमध्ये तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिली संधी मिळते आणि खेळाडूंच्या पगारावरही कमाल मर्यादा आहे. मग न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडी यांनी याच बफेलोविरुद्ध ३५ पैकी ३२ सामने कसे जिंकले?

उत्तर : आपण म्हणता ती व्यवस्था खरी आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या या वार्षिक निवडीत, सर्वांत वाईट कामगिरी केलेला संघ पहिली निवड करतो, ही पद्धत तर मायामी–बफेलोच्या काळातही होती. पगाराची कमाल मर्यादा १९९४ पासून लागू झाली. ही व्यवस्था संधीचे समान वाटप करते. त्या संधीचे काय करायचे, हे तिला कोणाला शिकवता येत नाही. ब्रेडी हेच याचे सर्वांत चांगले उदाहरण आहेत. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्यांची निवड सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर झाली. याचा अर्थ बफेलोसह प्रत्येक संघाला त्यांना घेण्याची संधी एकापेक्षा अधिक वेळा मिळाली होती, आणि खुद्द न्यू इंग्लंडनेही त्यांच्याआधी इतर खेळाडू निवडले होते.

या वैरातली खरी गंमत ब्रेडी यांच्या आधीच्या क्वार्टरबॅकची आहे. ड्र्यू ब्लेडसो हे १९९३ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. सप्टेंबर २००१ मध्ये जेट्सविरुद्ध जबर धडक बसून ते जखमी झाले, ब्रेडी मैदानात आले आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकून बसले. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडने ब्लेडसो यांना चक्क आपल्याच डिव्हिजनमधल्या बफेलोला दिले आणि मोबदल्यात पहिल्या फेरीतली निवड घेतली. प्रतिस्पर्ध्याला सहसा कोणी आपला क्वार्टरबॅक देत नाही. तो दिला जातो तेव्हा देणाऱ्याने काय हिशेब केला असेल, याचा घेणाऱ्याने थोडा विचार करायला हरकत नसते.

तरी ब्रेडी यांच्या त्या तीन पराभवांपैकी पहिला असा होता की बफेलोला वाटावे, पारडे फिरले. २००३ च्या मोसमाच्या तोंडावर न्यू इंग्लंडने आपला अनुभवी बचावपटू लॉयर मिलॉय याला काढून टाकले, बफेलोने त्याला लगेच घेतले, आणि काही दिवसांतच दोन्ही संघांचा पहिला सामना झाला. बफेलोने तो ३१–० असा जिंकला. ब्रेडी यांचे चार पास बफेलोने अडवले. त्यांतला एक सॅम ॲडम्स या दीडशे किलोंच्या घरातल्या धिप्पाड खेळाडूने पकडला आणि तो घेऊन ३७ यार्ड धावत थेट टचडाउन केला. त्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात दोन्ही संघ न्यू इंग्लंडच्या मैदानावर पुन्हा भेटले. निकाल पुन्हा ३१–०, फक्त उलट बाजूने. न्यू इंग्लंड त्या वर्षी सुपर बोल जिंकून गेले, तर बफेलोला प्लेऑफमध्येही जागा मिळाली नाही.

पुढचा विजय मिळायला २०११ चा सप्टेंबर उजाडावा लागला. मध्ये सलग १५ पराभव झाले. त्या दिवशीही बफेलो आधी ०–२१ असा मागे पडला होता, ब्रेडी यांचे पुन्हा चार पास अडवले गेले आणि सामना ३४–३१ असा फिरला. तिसरा विजय २०१४ च्या मोसमातल्या अखेरच्या सामन्यातला, १७–९. न्यू इंग्लंडचे प्लेऑफमधले स्थान आधीच पक्के झाल्यामुळे ब्रेडी त्यात अर्धाच वेळ खेळले होते. म्हणून तो विजय आम्ही मोजतो, पण फारसा जोर देऊन नाही.

कारण मात्र तेच जुने. बिल बेलिचिक २००० ते २०२३ असे २४ मोसम न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक होते. ब्रेडी न्यू इंग्लंडसाठी खेळत होते त्या काळात, म्हणजे २००१ ते २०१९ या मोसमांत, बफेलोने हंगामी नेमणुका सोडूनही सात प्रशिक्षक पाहिले, आणि क्वार्टरबॅक किती बदलले याची तर यादीच करावी लागेल. १९९९ नंतर थेट २०१७ मध्ये बफेलोला प्लेऑफचे दार उघडले. पगाराची मर्यादा दोन संघांच्या तिजोऱ्या सारख्या करते, पण एका संघाकडे धीर आणि दुसऱ्याकडे उतावीळपणा असेल तर त्यावर तिचा इलाज चालत नाही.

प्रश्न : असे एकतर्फी वैर उलटते तेव्हा हळूहळू उलटते की एकदम?

उत्तर : बाहेरून पाहणाऱ्याला एकदम उलटल्यासारखे वाटते. बफेलोने २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर जॉश ॲलन यांना घेतले आणि त्यांची पहिली दोन वर्षे चाचपडण्यात गेली. मार्च २०२० मध्ये ब्रेडी टॅम्पा बे या दुसऱ्या संघाकडे निघून गेले, आणि त्याच मोसमात बफेलोने १९९५ नंतर प्रथमच डिव्हिजन जिंकली; डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंडच्या मैदानावर निकाल लागला तो ३८–९.

मात्र २०२१ चा मोसम अधिक सांगून जातो. ६ डिसेंबरला ऑर्चर्ड पार्कमध्ये वारा इतका सुटला होता की बेलिचिक यांनी पास टाकण्याचा नादच सोडला. त्यांच्या क्वार्टरबॅकने, मॅक जोन्सने, संपूर्ण सामन्यात तीनच पास टाकले. बाकी सगळा वेळ चेंडू हातात घेऊन धावणे. न्यू इंग्लंड १४–१० असे जिंकले आणि जुनी माणसे म्हणाली, ब्रेडी गेले तरी बेलिचिक आहेतच. सहा आठवड्यांनी, १५ जानेवारी २०२२ रोजी, त्याच मैदानावर कडाक्याच्या थंडीत प्लेऑफचा सामना झाला. बफेलोने खऱ्या अर्थाने खेळलेल्या सात आक्रमणांपैकी सातही टचडाउनने संपली; सामन्यात त्यांना एकदाही पंट करावा (चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला द्यावा) लागला नाही, कमी गुणांच्या फील्ड गोलवर समाधान मानावे लागले नाही, चेंडूही गमवावा लागला नाही. निकाल ४७–१७. ज्यांनी ब्रेडी यांच्या काळातले सामने पाहिले आहेत, त्यांना ही गुणसंख्या ओळखीची वाटली असेल. नावे तेवढी उलटी होती.

मायामीच्या बाबतीतही ॲलन आल्यापासून काटा असाच फिरला. २०१८ च्या अखेरीपासून २०२१ च्या मोसमापर्यंत बफेलोने ओळीने सात सामने जिंकले, तेव्हा मायामीच्या पाठीराख्यांना विसाची आठवण करून देणारे बफेलोत पुष्कळ होते.

प्रश्न : एखादा संघ फक्त प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच कायम हरतो, असेही घडते का?

उत्तर : घडते. डेट्रॉइट लायन्स १९९२ पासून २०१४ पर्यंत ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध त्यांच्या विस्कॉन्सिन राज्यात, प्लेऑफचा एक सामना धरून, सलग २४ सामने हरले. स्वतःच्या मैदानावर मात्र याच काळात त्यांनी पॅकर्सना अनेकदा हरवले. १९९२ मध्ये ब्रेट फाव्ह पॅकर्सचे क्वार्टरबॅक झाले आणि २००८ पासून ॲरन रॉजर्स. म्हणजे ही मालिका दोनच माणसांनी सांभाळली, असे म्हणायचा मोह होतो. २०१३ च्या थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरमधल्या अमेरिकन सणाच्या) दिवशी रॉजर्स जखमी होते, मॅट फ्लिन खेळला आणि डेट्रॉइटने घरच्या मैदानावर ४०–१० असा दणदणीत विजय मिळवला, हे त्या म्हणण्याला बळ देणारे आहे.

पण १ जानेवारी २०१२ रोजी ग्रीन बेमध्येही रॉजर्स यांना विश्रांती दिलेली होती आणि हाच मॅट फ्लिन खेळत होता. डेट्रॉइटच्या मॅथ्यू स्टॅफर्ड यांनी त्या दिवशी ५२० यार्डांचे पास टाकले. फ्लिनने ४८० यार्ड आणि सहा टचडाउनचे पास टाकून सामना ४५–४१ असा पॅकर्सना मिळवून दिला. डेट्रॉइटची मालिका अखेर १५ नोव्हेंबर २०१५ रोजी १८–१६ अशी तुटली, आणि तेव्हा पॅकर्सकडून रॉजर्स स्वतः मैदानात होते.